पोथीचे फोटो काढण्याआधी, आणि काढून झाल्यावर

काही वर्षांपूर्वी एका संग्रहाकडून माझ्याकडे एक हार्ड डिस्क आली. आत साडेतेराशे फोटो होते. नजर लागेल इतके स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येईल असे. नावं मात्र कॅमेऱ्याने दिलेली: आयएमजी_०४१२, आयएमजी_०४१३, आणि असंच पुढे. पोथ्या किती, एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, कशाचाच पत्ता नव्हता. फोटो काढणारी माणसं तोवर पांगली होती. पानांच्या समासातले पत्रक्रमांक आणि हस्ताक्षरांची वळणं बघत बघत तीन महिन्यांत निम्म्याहून थोडे जास्त फोटो जागेवर लागले. उरलेले अजूनही ‘अज्ञात’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. चित्र सहसा टिकतं, ते चित्र कशाचं आहे हे आधी हरवतं. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडून विनवणी घालत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बंधनापासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. फाइलींना तेलाचं भय नाही, पण सैल बंधन आणि मूर्ख हात हे दोन धोके जसेच्या तसे आहेत. म्हणून या लेखात कॅमेऱ्याइतकीच जागा कॅमेऱ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना दिली आहे. ज्यांच्यासमोर पाच-पंचवीस पोथ्या आहेत, हाताशी एक बरा कॅमेरा आणि एक-दोन मदतनीस आहेत, अशा नवख्या मंडळींसाठी हे लिहितो आहे.

पोथीला हात लावण्याआधी

पहिली गोष्ट परवानगी. पोथी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी चार ओळींचा का होईना, लेखी करार करा. फोटो कोण काढणार, फाइली कुणाकडे राहणार, इंटरनेटवर ठेवायच्या की नाही, आणि एक पूर्ण प्रत मालकाला कधी मिळणार, एवढं त्यात असलं तरी पुरे. तोंडी बोलणं त्या पिढीपुरतं चालतं. पुढच्या पिढीला काय ठरलं होतं ते आठवत नाही, आणि मग चांगलं काम कपाटात अडकून पडतं.

दुसरी गोष्ट तुमची स्वतःची तब्येत. जुन्या कागदावर पिवळा लेप दिसला तर तो बहुधा हरताळ असतो. चुकलेला मजकूर झाकायला लेखनिक तो फासत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. किडीपासून संरक्षण म्हणूनही काही ठिकाणी कागदाला हरताळ लावत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, म्हणजे विषच. अशा पोथीला नायट्राइलचे हातमोजे घाला, पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती आजच सोडा, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. ज्या संग्रहात वर्षानुवर्षं कीटकनाशकं मारली आहेत तिथेही हीच काळजी घ्यायची.

एरवी, साध्या कागदाच्या पोथीला, सुती हातमोजे घालू नयेत. चित्रांत पांढरे हातमोजे फार शोभतात, पण त्यांनी बोटांचा स्पर्श बोथट होतो आणि पानाची फाटकी कड धाग्यात अडकते. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात त्याहून बरे.

तिसरी गोष्ट, नाही म्हणायला शिका. पानं एकमेकांना चिकटली आहेत, रंगाचे पापुद्रे उडताहेत, भूर्जपत्राचे थर सुटताहेत किंवा ताडपत्र जरा वाकवताच कडकन मोडेल असं वाटतं आहे, तर ती पोथी बाजूला ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. सुरी घालून पानं सुटी करणं, ओल्या कापडाने पुसणं, फाटल्या जागी सेलोटेप लावणं यातलं काहीही करू नका. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि तिथला डाग कायमचा राहतो. फोटोसाठी पोथीचा बळी द्यायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी बाकीच्या बऱ्याच चुका टळतात.

मोजणी आणि नावं

कॅमेरा पेटीतून काढायच्या आत एक वही घ्या आणि पोथी मोजा. पत्रं, म्हणजे पुढची-मागची बाजू मिळून होणारी पानं, किती? पत्रावरचे क्रमांक सलग आहेत का? १७ हा आकडा दोनदा आलाय, ४३ नाहीच, शेवटचं पत्र भलत्याच हस्ताक्षरात आहे, जे दिसेल ते लिहून ठेवा. उत्तरेकडच्या आणि आपल्या बाजूच्या कागदी पोथ्यांत पत्रक्रमांक सहसा पानाच्या मागच्या बाजूवर असतो, दक्षिणेकडच्या ताडपत्रांवर तो पुढच्या बाजूवर असतो. हे माहीत नसलेला माणूस पुढची बाजू मागची समजतो आणि सगळी पोथी एका बाजूने सरकते.

पानं उलटसुलट लागलेली आढळली तर ती ‘दुरुस्त’ करण्याचा मोह आवरा. सापडली त्याच क्रमाने फोटो काढा आणि योग्य क्रम कोणता असावा ते वहीत लिहा. तुमचा अंदाज चुकला तर मूळ क्रम परत मिळवायची सोय राहिली पाहिजे. या कामात मक्षिकास्थाने मक्षिका हा दोष नाही, गुण आहे.

आता फाइलींची नावं. नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा वापरा. जागा सोडू नका, देवनागरी नको, स्वल्पविराम नको. मराठीचा अभिमान इथे आड आणू नये, कारण जुन्या संगणकांवर, झिप फाइलींत आणि वेगवेगळ्या प्रणालींच्या देवाणघेवाणीत देवनागरी नावांचे चौकोन झालेले मी स्वतः पाहिले आहेत. नावाची रचना साधी ठेवा: संग्रहाचं लघुरूप, पोथीचा चार आकडी क्रमांक, पत्राचा तीन आकडी क्रमांक, आणि पुढची बाजू असेल तर ए, मागची असेल तर बी. समजण्यापुरतं देवनागरीत लिहायचं तर केएसएम_००४२_०१७_बी. सुरुवातीची शून्यं गाळू नका, नाहीतर संगणक दहावं पान दुसऱ्याच्या आधी लावतो. ग्रंथाचं नाव फाइलीच्या नावात घालू नका. ग्रंथाची ओळख पुढे बदलू शकते, क्रमांक बदलत नाही.

मांडणी

सपाट काचेचा घरगुती स्कॅनर सुट्या, दणकट कागदांपुरता ठीक आहे. बांधलेली वही त्यावर उपडी घातली की तिचा कणा मोडतो, ताडपत्र दाबलं जातं, आणि आपोआप कागद ओढणारा स्कॅनर तर जुन्या कागदाच्या आसपासही नको. पोथीसाठी वरून खाली बघणारा कॅमेरा, त्याला पक्कं धरणारा उभा स्टँड आणि दोन दिवे हीच मांडणी सोयीची. मोबाइलने होणार नाही का, असं हमखास विचारतात. होतं, पण मोबाइल स्वतःच्या मनाने चित्र घासूनपुसून देतो: कडा तीक्ष्ण करतो, सावल्या उजळतो, रंग गोड करतो. दुसरा काहीच मार्ग नसेल तर त्यातला रॉ, म्हणजे न सुधारलेल्या कच्च्या चित्राचा पर्याय निवडा, मोबाइल हातात न धरता स्टँडला लावा, आणि नोंदीत तसं लिहा.

कॅमेऱ्याला स्थिर अंतराची मॅक्रो लेन्स असावी. आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, फोकस हाताने लावलेला, आणि शटर दाबायला तारेचा किंवा बिनतारी रिमोट. बोटाने शटर दाबलं की सूक्ष्म हादरा बसतो आणि चारशे पानं किंचित पुसट येतात. पडद्यावर लहान आकारात ते कळत नाही, आणि हीच त्यातली मेख आहे.

कॅमेरा पानाला समांतर आहे का, हे तपासायला मला सगळ्यांत आवडणारी युक्ती आरशाची. एक छोटा सपाट आरसा पान ठेवायच्या जागी ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर दिसलं की कॅमेरा समांतर आहे. दिव्यांसाठी अशीच एक युक्ती: दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर सारखे दिवे लावा आणि मधोमध एक पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन्ही बाजूंच्या सावल्या सारख्याच गडद असतील तर उजेड समतोल आहे. दिवे एलईडी असावेत, रंग खरे दाखवण्याचा त्यांचा निर्देशांक ९५ च्या वर असावा, आणि खिडकीचा पडदा बंद असावा. दुपारी ऊन सरकलं की पहिलं पान आणि शंभरावं पान वेगवेगळ्या रंगाची होतात.

पानाच्या मागे काय ठेवायचं, याचा विचार फारसा कुणी करत नाही. कागद पातळ असेल आणि मागची अक्षरं पुढे दिसत असतील तर पानाखाली काळा कागद सरकवा, मागची अक्षरं बरीच दबतात. पण पान कसरीने चाळण केलेलं असेल तर काळा कागद घात करतो, कारण भोक आणि शाईचा ठिपका सारखेच दिसू लागतात आणि वाचणारा नसलेले अनुस्वार वाचतो. तिथे करडा कागद घ्या. एकाच पोथीत दोन्ही अडचणी असतील तर अशा पानांचे दोन फोटो काढा.

रिझोल्यूशनचा हिशेब सोपा आहे. चित्रातली रुंदी पिक्सेलमध्ये घ्या आणि तिला प्रत्यक्ष चौकटीच्या इंचांनी भागा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचं असतं. ३० सेंटिमीटर लांबीची पोथी रंगपट्टीसह ३४ सेंटिमीटरच्या चौकटीत बसवली, म्हणजे सुमारे १३.४ इंच, तर इंचाला जवळजवळ ४५० पिक्सेल मिळतात. ३०० च्या खाली जाऊ नका, ४०० उत्तम, आणि बारीक टीका लिहिलेली असेल तर ६०० कडे चला. अर्ध्या मीटरचं ताडपत्र रंगपट्टीसह याच कॅमेऱ्यात एका चौकटीत घेतलं तर ३०० सुद्धा मिळत नाहीत. ते दोन किंवा तीन तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा पाव भाग तरी यायला हवा. नंतर तुकडे जोडून अखंड चित्र जरूर करा, पण जपायचे ते मूळ तुकडे.

प्रत्यक्ष फोटो

पहिला फोटो पोथीचा नसतो. एका कार्डावर पोथीचा क्रमांक, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा आणि त्याचा फोटो घ्या. फाइलींची नावं उद्या कुणी पुसली तरी पोथीची सुरुवात त्या चित्रातच लिहिलेली राहील. माझ्याकडे आलेल्या हार्ड डिस्कमध्ये अशी कार्डं असती तर माझे तीन महिने वाचले असते.

मग अथपासून इतिपर्यंत सगळं. बासनाचं कापड, वरची फळी, दोरी आणि तिची गाठ सोडण्याआधी, प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजू, कोरी पानंसुद्धा. कोरं पान गाळलं की पुढच्या वाचकाला ते कोरं होतं की तुमच्याकडून सुटलं, हे कळायला मार्ग राहत नाही. मधे एखादी चिठ्ठी, हिशेबाचा कागद सापडला तर आधी तो आहे तिथेच पानासकट टिपा, नंतर वेगळा. मोजपट्टी प्रत्येक चौकटीत ठेवा. तिने अक्षरं झाकू नका आणि पानाच्या कडा कापू नका, चारही बाजूंनी थोडी पार्श्वभूमी दिसली पाहिजे.

पोथीचं पान पुस्तकासारखं डावीकडे उलटत नाहीत. ते लांब कडेवरून, खालून वर उलटायचं, म्हणजे मागची बाजू सुलट येते. एकाने पान उलटावं, दुसऱ्याने शटर दाबावं आणि प्रत्येक वेळी पत्रक्रमांक मोठ्याने उच्चारावा. खुळेपणा वाटेल, पण दोन पानं एकदम उलटली गेली की लगेच लक्षात येतं. तासाभराने दोघांनी थांबायचं. चुका दमलेल्या हातांनी होतात, आणि पान फाटतं तेही तेव्हाच.

ताडपत्राची गंमत वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी अक्षरं लोखंडी लेखणीने कोरलेली असतात आणि नंतर त्यांत काजळी भरलेली असते. काजळी उडाली की पान कोरं वाटतं. अशा पानाचा नेहमीच्या उजेडातला फोटो घ्याच, पण त्यानंतर एक दिवा बंद करून दुसरा अगदी खाली, पानाला जवळजवळ समांतर आणा. कोरलेल्या रेषांच्या सावल्या पडतात आणि ‘कोऱ्या’ पानावर ओळी उठून दिसतात. पहिल्यांदा हे पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तेल लावून काजळी पुन्हा भरण्याचं काम मात्र संवर्धकाचं, तुमचं-माझं नाही.

पाण्याच्या किंवा धुराच्या डागाखाली काजळीच्या शाईचा मजकूर दडला असेल तर अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातला फोटो चमत्कार करतो: डाग फिके पडतात, काजळी काळीच राहते. लोह असलेल्या शाईचं याच्या उलट होतं, ती अवरक्तात विरून जाते. आर्किमिडीजचा मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर तेराव्या शतकात प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. तो मूळ मजकूर अनेक तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन वाचला गेला आणि त्याची सगळी चित्रं २००८ साली सर्वांसाठी खुली झाली. हे नवख्याचं काम नाही, पण अशी सोय असते हे माहीत असावं, म्हणजे डागाळलेली पोथी ‘वाया गेली’ म्हणून कुणी टाकणार नाही.

पोथी परत जाण्याआधीची तपासणी

२१४ पत्रं असतील तर पानांचेच ४२८ फोटो हवेत, वर कार्ड, फळ्या आणि बासन. आकडा जुळला नाही तर पोथी बांधू नका. मग प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडून चारही कोपरे बघा. कंटाळवाणं आहे, पण एकोणसत्तरावं पान पुसट आलंय हे सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा बरं. तेव्हा पोथी पुन्हा मिळेलच असं नाही.

फाइलीचा प्रकार

रॉ फाइली राखून ठेवा, पण त्यांवर विसंबू नका, कारण त्या कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या खासगी भाषेत असतात. मास्टर, म्हणजे जपायची मूळ फाइल, टिफ या प्रकारात करा, तीही शक्यतो न आक्रसलेली. कारण साधं आहे. जेपेगमध्ये माहिती घट्ट आवळलेली असते, त्यामुळे एखादा बिट बिघडला तर तिथून खालचं अर्धं चित्र करडं पडू शकतं. न आक्रसलेल्या टिफमध्ये, बिघाड चित्राच्या माहितीत झाला तर, एखादा ठिपका चुकतो आणि बाकी पान शाबूत राहतं. टिफचा सहावा आराखडा १९९२ सालचा आहे आणि आजही चित्रांची बहुतेक सॉफ्टवेअरं तो उघडतात. मोठी ग्रंथालयं जागा वाचवण्यासाठी जेपेग २००० वापरतात, तोही चालतो. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने तर खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणींच्या चित्रांसाठी तयार केलेला फिट्स हा प्रकार निवडला. त्याच्या सुरुवातीलाच चित्र कसं वाचायचं ते साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. फाइल स्वतःची ओळख स्वतः सांगते, ही कल्पना मला फार आवडते.

पाहायला, पाठवायला, छापायला जेपेग वेगळी काढा. मास्टर फाइल कधीही उजळू नका, छाटू नका, फिरवू नका. जागेचा अंदाज हवा असेल तर २४ मेगापिक्सेलची ८ बिटांची टिफ सुमारे ७२ एमबीची होते, म्हणजे वरच्या पोथीला जवळपास ३१ जीबी. १६ बिटांत दुप्पट.

नोंद: सैल बंधन इथेच सुटतं

प्रत्येक पोथीची एक नोंद करा. त्यात क्रमांक, ताबा कुणाकडे, ग्रंथ, कर्ता, लेखनिक, लिपी, भाषा, कागद की ताडपत्र की भूर्जपत्र, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, पत्रं, दर पानाच्या ओळी, पूर्ण की खंडित, प्रारंभाचे आणि शेवटचे शब्द, आणि पुष्पिका, म्हणजे लेखनिकाने पोथीच्या शेवटी केलेली नोंद, जशीच्या तशी, चुकांसकट. प्रारंभ लिहिताना श्रीगणेशाय नमः वर थांबू नका. एका यादीत मी चाळीस पोथ्यांचा प्रारंभ तेवढाच लिहिलेला पाहिला आहे. नमनानंतरचे दहा-बारा शब्द हवेत, ग्रंथाची ओळख त्यांवरून पटते.

तारीख दोन रकान्यांत लिहा. एकात पोथीत आहे तशी, म्हणजे शक, संवत, संवत्सराचं नाव, तिथी, वार. दुसऱ्यात तुमचं गणित. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा. मोडी कागदांवर सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे. शके १६८५ ला थेट १७६३ न लिहिता १७६३-६४ लिहा. गणित चुकलं तरी पहिला रकाना खरा राहतो.

ही नोंद कुठे ठेवायची? साध्या मजकुराच्या फाइलीत किंवा स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यात, युनिकोडमध्ये, आणि त्या पोथीच्या चित्रांच्याच फोल्डरात. झकपक सॉफ्टवेअरमध्ये भरलेली माहिती त्या सॉफ्टवेअरबरोबर जाते. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये कष्टाने टंकलेली सूची मी उघडली आहे. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा होता, फॉन्ट मिळेपर्यंत एक शब्द लागला नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, मोडी २०१४ मध्ये आली, शारदा, ग्रंथ, नंदिनागरी याही लिप्या आता त्यात आहेत. जुना फॉन्ट वापरायला आता कुठलंच निमित्त उरलेलं नाही.

साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. हा नियम सगळे सांगतात, मी दोन गोष्टी जोडतो. एक प्रत संगणकाला आणि इंटरनेटला न जोडलेली असावी, आणि कुठल्याही प्रतीला पासवर्डचं कुलूप नसावं. चोराने पोथीचा फोटो नेला तर काही बिघडत नाही, पासवर्ड विसरलात तर सगळं जातं. न जोडलेली प्रत का? ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं वाचकांना कित्येक महिने दिसेनाशी झाली. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे होतं, तर आपली काय कथा!

क्लाउडवर आपोआप जुळणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलं की तिकडेही इमानेइतबारे पुसलं जातं. हार्ड डिस्कवर पाच वर्षांपलीकडे भरवसा ठेवू नका, आणि एसएसडी कपाटात ठेवून विसरू नका, कारण विजेविना पडून राहिली की तिच्यातला मजकूर हळूहळू विरू शकतो.

आता चेकसम. नाव जड आहे, गोष्ट साधी. प्रत्येक फाइल एका सूत्रातून घातली की तिचा ठसा मिळतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. फोटो तपासून झाले त्याच दिवशी सगळ्या फाइलींचे ठसे काढा आणि त्यांची यादी फोल्डरात ठेवा. पुढे कधीही नवे ठसे काढून जुन्या यादीशी ताडले की कुठली फाइल बिघडली ते नेमकं कळतं, आणि दुसऱ्या प्रतीतून ती परत आणता येते. फाइली, नोंद आणि ठसे एका गाठोड्यात बांधण्याची बॅगइट नावाची एक प्रमाण पद्धत आहे. तिची फुकट अवजारं मिळतात.

एवढं करूनही माध्यम म्हातारं होतंच. १०८६ सालच्या इंग्लंडमधल्या डूम्सडे बुकाला, म्हणजे जमीनजुमल्याच्या पाहणीच्या नोंदवहीला, नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये त्याचा नवा अवतार लेझर डिस्कवर काढला. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि तज्ज्ञांना मजकूर सोडवून घ्यायला खटपट करावी लागली. मूळ चर्मपत्र तेव्हाही वाचता येत होतं. म्हणून पाच वर्षांनी सगळं नव्या माध्यमावर उतरवायचं, ठसे ताडायचे, मगच जुनं माध्यम निकालात काढायचं. हे कोण करणार, त्या माणसाचं नाव आजच कागदावर लिहा. तो नसेल तेव्हा कोण, हेही लिहा.

वाचन आणि प्रसार, थोडक्यात

हस्ताक्षर ओळखणारी ट्रान्सक्रिबससारखी साधनं आता आहेत. त्यांना आधी काही पानं माणसाने वाचून शिकवावी लागतात आणि नंतर माणसानेच तपासावं लागतं. ते पुढचं काम, चित्रं नीट असली की दहा वर्षांनीही करता येईल. इंटरनेटवर द्यायचं तर ट्रिपल आयएफ या चित्रं दाखवण्याच्या प्रमाण पद्धतीने द्या, म्हणजे दोन वेगळ्या संग्रहांतल्या पोथ्या वाचकाला शेजारी शेजारी उघडून पाठभेद बघता येतात. आणि करारात ठरल्याप्रमाणे मालकाची प्रत त्याच्या हातात द्या. डिस्क त्यांच्यासमोर उघडून पहिलं पान आणि पुष्पिका दाखवा.

वर्षातून एक दिवस

एक तारीख ठरवा. त्या दिवशी दुसऱ्या गावची प्रत मागवा आणि जो माणूस या कामात कधीच नव्हता त्याला समोर बसवा. तुम्ही गप्प राहायचं. त्याला एवढंच सांगा: बेचाळिसाव्या पोथीच्या सतराव्या पत्राची मागची बाजू उघडून दे, आणि ती कुठल्या ग्रंथाची, कुणी लिहिलेली, ते सांग. तो कुठे अडखळतो ते वहीत लिहून घ्या आणि संध्याकाळपर्यंत तेवढं दुरुस्त करा.